लिलावातला फ्लॅट स्वस्त पडतो का? आधी बँकेची फाईल बघा

प्रश्न थोडक्यात असा आलाय. पुण्यात हडपसरला दोन बेडरूमचा फ्लॅट एका बँकेने लिलावाला काढलाय, रिझर्व्ह प्राइस (बोली जिथून सुरू होते ती किमान किंमत) ५२ लाख, त्याच सोसायटीत बाजारात ६५ ला जातोय. पहिला लिलाव ५८ ला लावला होता, कोणी फिरकलं नाही, आता हा दुसरा. जाहिरातीत बँकेची बाकी ३८ लाख अधिक व्याज दाखवलीय आणि ताब्याच्या रकान्यात "सिम्बॉलिक" असं लिहिलंय, मूळ मालक बायकोमुलांसह आतच राहतोय. प्रश्नकर्ते २२ हजार भाडं भरतायत, पहिलंच घर घ्यायचंय. बायको म्हणते कुणाच्या तळतळाटाचं घर नको, एजंट म्हणतो साहेब आज टोकन टाका नाहीतर जाईल. घ्यावं का?

माझ्याबद्दल दोन शब्द, म्हणजे कुठून बोलतोय ते कळेल. २७ वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची नऊ रिकव्हरीत, म्हणजे थकलेल्या कर्जांच्या वसुलीत. नोटिशीखाली "ऑथराइज्ड ऑफिसर" म्हणून ज्याची सही असते ना, तो मी होतो. आता रिटायर आहे आणि लिलावात घर घेणाऱ्यांच्या फायली बघून देतो. म्हणजे आधी विकत होतो, आता घेणाऱ्याच्या बाजूला बसतो.

सरळ उत्तर: आत्ता जेवढी माहिती तुमच्याकडे आहे तेवढ्यावर ईएमडी, म्हणजे बोलीआधीची अनामत, भरू नका. लिलावाचं घर घेऊच नये असं माझं अजिबात म्हणणं नाही, चांगली घरं चांगल्या भावात मिळालेली मी बघितलीयत. पण तुम्ही फ्लॅट बघताय, आणि लिलावात खरं विकत घेतली जाते ती बँकेची फाईल. फाईल नीट असेल तर भिंतीला ओल असली तरी चालेल, आणि फाईलमध्ये भोक असेल तर इटालियन मार्बल असून उपयोग नाही.

आधी तो १३ लाखाचा फरक मोजू, कारण सगळे तिथेच भुलतात. ५२ लाख रिझर्व्ह प्राइस. पुण्यात स्टॅम्प ड्युटी ७ टक्के, झाले ३ लाख ६४ हजार, रजिस्ट्रेशन ३० हजार. (घर बायकोच्या एकटीच्या नावावर घेतलंत तर ड्युटी १ टक्क्याने कमी होते, तेवढे ५२ हजार वाचतील, ते वेगळं.) मालकाने बँकेचे हप्ते थकवलेत म्हणजे सोसायटीचा मेंटेनन्स नियमित भरला असेल अशी आशा ठेवू नका, पार्किंग, सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीची वर्गणी), व्याज धरून साडेतीन लाख निघाले तरी मला नवल वाटणार नाही. दुरुस्ती आणि रंगरंगोटी ३ लाख. आणि ताबा मिळेपर्यंत तुमचं भाडं चालूच, दीड वर्ष धरलं तर २२ हजार गुणिले १८, जवळपास ४ लाख. बेरीज करा, साडेसहासष्टच्या आसपास जाते. आता बाजारातला ६५ चा फ्लॅट, त्यावर ७ टक्के आणि रजिस्ट्रेशन धरून ६९ लाख ८५ हजार. फरक राहिला साडेतीन लाखाच्या आत, त्यातून वकील आणि सर्च रिपोर्ट (मालकीच्या जुन्या नोंदींचा तपास) वजा करा. लोनचं व्याज दोन्हीकडे आहे म्हणून धरलंच नाही. आणि हे सगळं तुम्ही एकटेच बोली लावणारे आहात असं धरून, समोर दुसरा कोणी आला आणि बोली ५५ वर गेली की जे उरलं होतं तेही संपलं.

म्हणजे १८ महिन्यांच्या डोकेदुखीचे दोन-तीन लाख. कुणाला परवडतात, कुणाला नाही. ताबा तीन महिन्यांत मिळाला तर गणित एकदम बदलतं, भाड्याचेच सव्वातीन लाख वाचतात. सगळा खेळ ताब्यावर आहे, म्हणून तो "सिम्बॉलिक" शब्द नीट समजून घ्या.

कर्ज थकल्यापासून लिलावापर्यंत काय काय होतं ते माहीत असेल तरच फाईल वाचता येते. हप्ता चुकला की खातं आधी एसएमए मध्ये, म्हणजे नजर ठेवायच्या खात्यांच्या यादीत, जातं, तीस दिवसांपर्यंत शून्य, मग एक, मग दोन, आणि ९० दिवस उलटले की एनपीए, म्हणजे अधिकृतपणे थकीत खातं. त्यानंतर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँक तेरा-दोनची नोटीस काढते, म्हणजे कलम १३(२), साठ दिवसांत सगळी बाकी भरा. सगळी हं, नुसते थकलेले तीन हप्ते नव्हे. कर्जदाराने या नोटिशीवर लेखी हरकत घेतली तर बँकेने पंधरा दिवसांत उत्तर द्यायलाच हवं. साठ दिवस गेले की तेरा-चार, म्हणजे ताबा. अधिकारी जातो, दारावर नोटीस चिकटवतो, फोटो काढतो, सात दिवसांच्या आत दोन पेपरात छापतो, त्यातला एक मराठी. हाच तो सिम्बॉलिक ताबा. कागदावर ताबा बँकेचा, आत कुकरच्या शिट्ट्या मालकाच्या.

कोर्टात न जाता बँकेने हे सगळं करायचं, म्हणून कायदा आला तेव्हा खूप ओरडा झाला होता. २००४ मध्ये सुप्रीम कोर्टाने मार्डिया केमिकल्सच्या केसमध्ये कायदा टिकवला, पण कर्जदाराला दाद मागायची तर आधी ७५ टक्के रक्कम भरा ही अट काढून टाकली. त्यामुळे आज कोणताही कर्जदार डीआरटीत, म्हणजे बँकांच्या कर्जवसुलीच्या ट्रिब्युनलमध्ये, मोठी रक्कम न भरता जाऊ शकतो, हे खरेदीदाराने कायम डोक्यात ठेवायचं. सहकारी बँकांना हा कायदा लागू की नाही यावरही बरीच वर्षं घोळ होता, तो २०२० मध्ये घटनापीठाने मिटवला, आणि ती केस आपल्या मुरगूडच्या सहकारी बँकेचीच होती. पतसंस्थेचा लिलाव मात्र वेगळा, तो सहकार कायद्याच्या कलम १०१ च्या वसुली दाखल्यावर चालतो, त्याचे नियम निराळे, तिथे माझं हे उत्तर वापरू नका.

आता खरा ताबा. त्यासाठी बँक कलम १४ खाली अर्ज करते, मुंबईत मॅजिस्ट्रेटकडे, पुण्यात बहुतेक वेळा कलेक्टरकडे. कायद्यात लिहिलंय तीस दिवसांत ऑर्डर, कारण नोंदवून फार तर साठ. प्रत्यक्षात ऑर्डर निघते, मग ती तहसीलला जाते, तहसीलदार मंडल अधिकाऱ्याला देतो, मंडल अधिकारी पोलीस बंदोबस्त मागतो, आणि पोलीस म्हणतात गणपती झाल्यावर बघू. गणपती झाले की नवरात्र, मग इलेक्शन, मग मार्चमध्ये मुलांची परीक्षा म्हणून मालक हात जोडतो आणि कुणाचंच मन होत नाही. मी स्वतः एका फ्लॅटसाठी चार वेळा बंदोबस्ताचे पत्र दिलंय.

त्या फ्लॅटची गोष्ट सांगतो. तिसरा मजला, लिफ्ट बंद. मी, मंडल अधिकारी, दोन कॉन्स्टेबल, एक महिला पोलीस, कुलूपवाला आणि पंच म्हणून शेजारच्या दुकानातले दोघे. दार उघडच होतं, कर्जदार शर्टाची बटणं लावत बाहेर आला, म्हणाला या. भांडण नाही, काही नाही. घरात सामानाची यादी सुरू झाली, पंचनाम्यात सगळं लिहावं लागतं, स्टीलचे डबे १४, पंखे ३, गॅस शेगडी १, लोखंडी कपाट १, आणि लिहिता लिहिता मंडल अधिकारी थांबला, कारण पुढे देव्हारा होता. त्याने माझ्याकडे बघितलं. देव्हारा १ लिहायचं, पण देव? ते कसे लिहायचे? शेवटी त्याने पेन खिशाला लावलं आणि म्हाताऱ्या आईला म्हणाला, आजी, तुमचे देव तुम्ही घ्या, आम्ही नुसता देव्हारा लिहितो. आजींनी पदरात टाक घेतले, समई घेतली, आणि कुणाशी न बोलता जिना उतरल्या. खाली गेटपाशी टू-व्हीलरवर एक माणूस हेल्मेट न काढता बसलेला होता, तो त्या फ्लॅटचा खरेदीदार. लिलाव होऊन २२ महिने झाले होते त्याचे, सगळे पैसे भरून. तासभर तो वर आला नाही. मी चावी द्यायला खाली गेलो तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला, साहेब, हे लोक परत येणार नाहीत ना?

तो प्रश्न चुकीचा नव्हता. परत येण्याचा रस्ता कायद्यात आहे. कलम १७ खाली बँकेच्या ताब्यापासून पुढच्या प्रत्येक पावलाविरुद्ध कर्जदाराला ४५ दिवसांत डीआरटीत अर्ज करता येतो. तेरा-चारच्या ताब्याविरुद्ध, विक्रीच्या नोटिशीविरुद्ध, विक्रीविरुद्धसुद्धा. आणि बँकेने नियम मोडला असं ट्रिब्युनलला वाटलं तर विक्री रद्द होऊन घर परत कर्जदाराकडे जाऊ शकतं. २०१४ मध्ये मॅथ्यू वर्गीसच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्टच सांगितलंय की विक्रीआधी कर्जदाराला तीस दिवसांची पूर्ण मुदत मिळायलाच हवी, ते नुसतं औपचारिक नाही. आता नियमात पहिल्या लिलावाला तीस दिवस, तो फेल गेला तर पुढच्याला पंधरा, अशी सोय आहे. तुमचा दुसरा लिलाव आहे म्हणजे पंधरा चालतील, पण पहिल्याला तीस दिले होते का ते कागदावर बघा.

फाईलमध्ये भोकं कशी पडतात ते आतल्या माणसालाच माहीत असतं. एका केसमध्ये आमच्याच एका ब्रांचने नोटिशीत एनपीएची तारीख लिहिली ती चुकीची होती, मधे कर्जदाराने एक हप्ता भरलेला, तो सस्पेन्स खात्यात, म्हणजे हिशोबात न धरता बाजूला, पडून राहिला होता, तो धरला असता तर ९० दिवस होतच नव्हते. पुढचं सगळं, नोटीस, ताबा, जाहिरात, सगळं त्या एका तारखेवर उभं. दुसऱ्या एका फाईलमध्ये नवऱ्याला नोटीस गेली आणि बायको को-बॉरोअर, म्हणजे सहकर्जदार, असून माहेरच्या पत्त्यावर होती, तिला पोचलीच नाही. तिसरीत कर्जदाराने हरकतीचं पत्र दिलं, ब्रांचने इनवर्डचा शिक्का मारला आणि पत्र ड्रॉवरमध्ये. उत्तर नाही. असल्या चुका वाईट हेतूने होत नाहीत, ब्रांचला मार्चअखेर दिसत असतो, माणसं कमी असतात, आणि नोटिसा वकिलाकडून ठोक भावात छापून येतात. पण किंमत शेवटी खरेदीदाराला पडते.

म्हणून बँकेकडे जाऊन फाईल मागा. तेरा-दोनची नोटीस आणि ती पोचल्याचा पुरावा, कर्जदार, को-बॉरोअर, गॅरंटर प्रत्येकाचा वेगळा. हरकत आली होती का, आली असेल तर उत्तर. तेरा-चारची नोटीस आणि दोन्ही पेपरची कात्रणं. व्हॅल्युएशन रिपोर्ट. कलम १४ चा अर्ज केलाय का, केलाय तर नंबर काय, ऑर्डर झालीय का. काही बँका दाखवतात, काही म्हणतात गोपनीय आहे. जो अधिकारी फाईल समोर ठेवतो त्याच्या फाईलमध्ये बहुतेक वेळा काही लपवायचं नसतं. जो म्हणतो "सब क्लिअर है, आप बिड करो", तिथून मी चहा न घेता उठतो. आणि बँकेवर विसंबून न राहता डीआरटीच्या वेबसाइटवर कर्जदाराच्या नावाने केस शोधा, फुकट आहे, दहा मिनिटांचं काम. जाहिरातीत "कोणतीही केस प्रलंबित नाही" असं असलं तरी शोधा. स्टे बहुतेक वेळा काही रक्कम भरण्याच्या अटीवर मिळतो, ती भरली की नाही तेही ऑर्डरमध्ये दिसतं.

एक चांगली बातमी पण सांगतो. पूर्वी लिलाव होऊन गेला, पैसे भरले, तरी विक्रीचं सर्टिफिकेट हातात येईपर्यंत कर्जदार सगळी बाकी घेऊन उभा राहायचा आणि खरेदीदार बोंबलत बसायचा. २०१६ मध्ये कायदा बदलला आणि पैसे भरून घर सोडवायचा कर्जदाराचा हक्क लिलावाची जाहिरात आली की संपतो असं झालं. २०२३ मध्ये सेलिर विरुद्ध बाफना मोटर्स या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ते पक्कं केलं, तिथे कर्जदार लिलावाच्या बोलीपेक्षा जास्त पैसे द्यायला तयार होता, मुंबई हायकोर्टाने परवानगीही दिली होती, तरी सुप्रीम कोर्टाने खरेदीदाराच्या बाजूने निकाल दिला. त्यामुळे तेवढ्या बाबतीत तुमची जागा आज दहा वर्षांपूर्वीपेक्षा मजबूत आहे.

आता पैशाची वेळ, कारण इथे मी सगळ्यात जास्त लोक बुडताना बघितलेत. ईएमडी बहुतेक १० टक्के, म्हणजे ५ लाख २० हजार, बोलीच्या आधी. बोली तुमच्या नावावर लागली की त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी २५ टक्के पूर्ण करायचे, म्हणजे एकूण १३ लाख. उरलेले ३९ लाख विक्री कन्फर्म झाल्यापासून पंधरा दिवसांत. बँकेने लेखी मुदत वाढवली तर जास्तीत जास्त तीन महिने. नाही जमलं तर भरलेले १३ लाख जप्त. मग लोक म्हणतात साहेब हा अन्याय आहे, बँकेचं तर काही नुकसान झालं नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने सेंट्रल बँकेच्या केसमध्ये सांगून टाकलंय की ही जप्ती कायदेशीर आहे, बँकेचं प्रत्यक्ष नुकसान किती झालं हे तिथे मोजत बसायचं नाही. तेव्हा दयामायेची आशा धरू नका.

आणि तुमचे ३९ लाख येणार कुठून? लोन. सिम्बॉलिक ताब्याच्या फ्लॅटवर लोन द्यायला बँका नाखूष असतात, इन्स्पेक्शनला त्यांचा माणूस जाणार आणि दार उघडणार कर्जदाराची बायको. सँक्शन लेटर हातात असल्याशिवाय बोलीला बसू नका. नुसतं "प्री-अप्रूव्ह्ड" म्हणून मोबाईलवर आलेला मेसेज म्हणजे सँक्शन नव्हे, तो तुमच्या पगारावर आलाय, या फ्लॅटवर नाही. लिलाव काढणाऱ्या बँकेकडेच लोन मागायचाही एक मार्ग आहे, त्यांना खातं बंद करायची घाई असते, त्यांचा लीगल विभाग स्वतःच्या फाईलला नाही म्हणू शकत नाही. पण त्यांनीही लेखी दिलं तरच.

लेखी अजून एक मागा: बाकीचे ७५ टक्के प्रत्यक्ष ताबा देईपर्यंत, किंवा तीन महिने पूर्ण होईपर्यंत, भरायची मुदत. दहातल्या आठ बँका नाही म्हणतील. दुसऱ्या लिलावाला कोणी येत नाहीये असं दिसलं तर एखादी हो म्हणते. विचारायला पैसे पडत नाहीत.

जाहिरातीत खाली बारीक अक्षरात एक वाक्य असतं, "जसे आहे, जिथे आहे, जे काही आहे त्या तत्त्वावर". माझ्या सहीने ते किती वेळा छापलं असेल त्याचा हिशोब नाही. अर्थ एवढाच की नंतर आमच्याकडे येऊ नका. मेंटेनन्स तुमचा, प्रॉपर्टी टॅक्स तुमचा, लाइट बिल तुमचं. लाइट बिल तर मागच्या मालकाचं, मी का भरू, असं खूप जण म्हणायचे. २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने के. सी. निनानच्या केसमध्ये सांगितलं की अशा तत्त्वावर लिलावात घेतलेल्या जागेची जुनी विजेची बाकी वीज कंपनी नव्या मालकाकडून मागू शकते. महावितरणचा ग्राहक क्रमांक गेटवरच्या मीटर रूममध्ये मिळतो, बाकी ऑनलाइन दिसते. सोसायटीच्या सेक्रेटरीला भेटा, चहा पाजा, बाकीचा आकडा लेटरहेडवर घ्या. ट्रान्स्फर फी म्हणून लाख-दोन लाख मागितले तर घाबरू नका, महाराष्ट्रात त्याची कमाल २५ हजार आहे. सेक्रेटरीकडून मिळणारी खरी माहिती मात्र वेगळीच असते: आत खरंच मालक राहतो की भाडेकरू, नवराबायकोचं पटतंय का, भाऊ वाटा मागतोय का, दुसऱ्या कुठल्या बँकेचा माणूस येऊन गेला का. भाडेकरू निघाला आणि त्याच्याकडे गहाण ठेवायच्या आधीचा रजिस्टर्ड करार असला तर त्याला काढणं ही वेगळीच लढाई होते, तेव्हा हे आधी कळलेलं बरं.

एजंटला विचारा तुझं कमिशन कोण देतं. बस, एवढंच. बँकेच्या लिलावाला एजंट लागत नाही, सरकारी बँकांच्या मालमत्ता बँकनेट पोर्टलवर दिसतात, रजिस्ट्रेशन तुम्ही स्वतः करू शकता, आणि "टोकन" नावाचा प्रकार लिलावात नसतोच. ईएमडी फक्त जाहिरातीत दिलेल्या खात्यात किंवा पोर्टलच्या वॉलेटमध्ये जाते. एजंटच्या गूगल पे वर काही पाठवलं असेल तर आजच परत मागा.

आता जाहिरातीतला तो आकडा, ज्याकडे तुम्ही आणि तुमचा एजंट दोघांनी बघितलंच नाहीये. बाकी ३८ लाख अधिक व्याज, रिझर्व्ह ५२. मी फाईल उघडली की सगळ्यात आधी हेच दोन आकडे शेजारी ठेवतो. बाकी ६० असती आणि फ्लॅट ५२ चा, तर मालकाचं त्यात काही उरलेलं नाही. उलट कमी पडलेले पैसे बँक नंतरही त्याच्याकडून मागू शकते, चावी दिली की सुटलो असं आपल्याकडे नसतं. असा माणूस थकलेला असतो, शिफ्टिंगला थोडे पैसे दिले की बऱ्याचदा निघतो. पण इथे व्याज धरून ४० लाख गेले असं समजलं तरी मालकाचे १२ लाख त्या घरात अडकलेत. लिलावात वर जे उरतं ते कर्जदारालाच द्यायचं असतं, बँक खिशात घालू शकत नाही, हे अनेक कर्जदारांना माहीतच नसतं. मग एवढे पैसे अडकलेले असताना, ६५ चा फ्लॅट त्याने स्वतः विकून बँक मोकळी का केली नाही? या प्रश्नाचं उत्तर मिळाल्याशिवाय एक रुपया हलवू नका. कधी उत्तर असतं कोर्टातलं भांडण, कधी दुसऱ्या कर्जाची जप्ती. आणि कधी उत्तर एवढंच असतं की माणूस लाजेने दार लावून बसलाय, फोन उचलत नाही, नातेवाइकांना कळू नये म्हणून दलालाला सुद्धा बोलावलं नाही. तिसऱ्या प्रकारची माणसं मला सगळ्यात जास्त भेटली. पहिल्या तीन महिन्यांत, खातं एनपीए व्हायच्या आधी ब्रांचमध्ये येऊन बसले असते तर मुदत वाढवून, हप्ता बसवून काहीतरी करता आलं असतं, पण तेव्हा ते येत नाहीत, पेपरात नाव छापून आल्यावर येतात.

तुमचा मालक तिसऱ्या प्रकारचा निघाला तर एक वेगळा रस्ता आहे. तिघांचा सौदा. नोकरीत असताना मी असे सौदे करून दिलेत. मालक तुम्हाला समजा ६० ला विकतो, त्यातले बँकेचे जेवढे आहेत ते थेट बँकेच्या खात्यात जातात, बँक नो-ड्यूज देते, कागद सोडते, मालकाच्या वाट्याला १२ ऐवजी २० लाख येतात, आणि तुम्हाला साधं खरेदीखत, रिकामा फ्लॅट, सोसायटीची बाकी मालकाच्या वाट्यातून वळती. लोनही सरळ होतं, कारण हे नेहमीचं बॅलन्स ट्रान्स्फरसारखं, म्हणजे एका बँकेचं लोन दुसरीने फेडून घेतल्यासारखं, प्रकरण दिसतं. ६० वर ७ टक्के आणि रजिस्ट्रेशन धरून ६४ लाख ५० हजार, दुरुस्तीचे ३ लाख इथेही धरले तर साडेसदुसष्ट, म्हणजे वरच्या लिलावाच्या बेरजेपेक्षा लाखभर जास्त, पण दीड वर्ष वाचलं. जाहिरात निघून गेलीय त्यामुळे आता बँकेवर हे मान्य करायची सक्ती नाही, लीगल विभाग कुरकुर करेल. पण पहिला लिलाव फेल गेलाय, दुसऱ्याला बोली लागलेली नाही आणि कुणीतरी पूर्ण बाकी चेकने आणतोय म्हटल्यावर रिजनल ऑफिसमध्ये ऐकून घेतात. जे ठरेल ते बँकेच्या लेटरहेडवर आल्याशिवाय मालकाच्या हातात बयाणा देऊ नका, त्याची परिस्थिती बघता तो बयाणा तुमच्याकडे परत यायचा नाही.

वहिनींच्या तळतळाटाच्या मुद्द्यावर मी हसणार नाही, तो देव्हारा मीही बघितलाय. पण कर्ज देणारी बँक आहे, थकवणारा कर्जदार आहे, तुम्ही त्यात शेवटी आलात. आणि तिघांच्या सौद्यात मालकाला जास्त मिळतं हे त्यांना सांगून बघा, कदाचित त्याच तुम्हाला त्या घरी घेऊन जातील.

तेव्हा क्रम असा ठेवा. उद्या सोसायटीत जा, सेक्रेटरीला भेटा. परवा बँकेत, फाईल मागा, कलम १४ चं काय झालं ते विचारा, आणि ऑथराइज्ड ऑफिसरला एकच सांगा, मालकाशी बोलायला आलोय, तुम्ही सोबत याल का. तो यायला तयार झाला तर संध्याकाळी सातच्या आत जा, जेवणाच्या वेळेला नको, आणि दारावरची नोटीस अजून चिकटलेली असेल तर तिच्याकडे बघत उभे राहू नका.